पुंगळ्या कशाने घासाव्यात?

कोथरूड, पुणे

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. तुझा व्हॉइस मेसेज भोसरीच्या शेडमध्ये ऐकला. मागे व्हायब्रो, म्हणजे भुग्यात माल हलवून घासायचं यंत्र, चालू होतं, त्यामुळे निम्मं डोक्यावरून गेलं. रात्री घरी परत लावला तेव्हा कळलं, की अमेरिकेत फिनिक्समध्ये तू आता पिस्तुलाच्या नऊ एमएम गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरायला लागला आहेस, त्या कशाने घासाव्यात असं विचारतोयस, आणि नेमबाजीच्या रेंजवरचा एक गृहस्थ स्टीलच्या पिना घ्यायला सांगतोय. जत्रेतले फुगे सोडले तर मी कशावरही नेम धरलेला नाही. पण पितळ म्हणशील तर त्यावरच माझं घर चालतं, तेव्हा ऐक.

कोरडं काम करायचं तर अक्रोडाच्या टरफलाचा भुगा किंवा मक्याच्या बुरकुंडाचा, म्हणजे कॉब. अक्रोड कठीण, त्याच्या कडा टोकदार. काजळी लवकर उतरते, पण पितळ जरा मंद दिसतं. कॉब मऊ असतो, तेलकटपणा शोषतो आणि झळाळी आणतो. कॉब घेतलास तर 20/40 जाळीचा घे. त्याहून जाड दाणा प्रायमरच्या, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीच्या, भोकात अडकतो, मग एकेक पुंगळी टाचणीने कोरत बस. लाल रूज, म्हणजे पॉलिशची लाल पूड, लावलेला अक्रोड मिळतो, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. बोटं, टेबल, सगळं लाल होतं.

चमक येण्यासाठी त्यात झाकणभर पॉलिश घालतात. घाल, पण आधी डबा वाच. अमोनिया असेल तर नको. ही भीती आपल्याच देशातून आली आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं इथे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असायची आणि पुंगळ्यांना आपोआप तडे जायचे. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडवलेल्या पितळात उरलेला ताण या तिघांचं ते काम, हा उलगडा 1921 साली झाला. तुझ्या पुंगळ्याही तशाच ओढलेल्या, साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्ताच्या. खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्यामुळे पुण्यात पितळाचा विषय निघाला की हा किस्सा सांगणारा कुणीतरी भेटतोच.

आता मुद्द्याचं. तुझ्या घरात रांगतं पोर आहे. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि उडाल्यावर ते काजळीत उरतं. कोरड्या भुग्यात ते धूळ होऊन बसतं आणि चाळताना हवेत उडतं. ड्रायर शीटचे, म्हणजे कपडे वाळवायच्या यंत्रात टाकतात त्या पातळ कापडाचे, तुकडे टाकले की धूळ कमी होते, थांबत नाही. म्हणून माझं मत: तू ओलं काम कर. पाणी, भांड्यांचा साबण आणि चार लिटरला पाव चमचा सायट्रिक ॲसिड. हातमोजे घाल, आणि ते पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नकोस.

रेंजवरचा तो गृहस्थ म्हणतो तशा, पाण्यात पुंगळ्यांबरोबर फिरवायच्या स्टीलच्या पिना मात्र मी घेणार नाही. आतून, प्रायमरच्या खोबणीतूनही आरशासारखं होतं, हे खरं आहे. पण सरावाच्या गोळीला आतून आरसा कशाला? फार वेळ फिरवलं तर पुंगळ्यांच्या तोंडाच्या कडा चेचल्या जातात. शिवाय एखादी पीन आत राहिली तर काय, हा घोर वेगळाच. नुसत्या साबण-ॲसिडच्या पाण्यात पुंगळ्या एकमेकींवर घासून बाहेरून पुरेशा स्वच्छ होतात. त्याआधी जुना प्रायमर काढून टाक, नाहीतर खोबणीत पाणी अडकून बसेल.

ॲसिडचा हात सैल सोडू नकोस. आईने समई चिंचेत विसरली की ती गुलाबी व्हायची, आठवतं? वरचं जस्त निघून जातं आणि तांबं उघडं पडतं. तुझ्या पुंगळ्या गुलाबी दिसल्या तर ॲसिड जास्त झालं किंवा वेळ, असं समज आणि पुढच्या वेळी कमी कर.

नंतर चांगल्या पाण्याने दोनदा खळबळ आणि पंचावर पसरून उन्हात टाक. तुमच्याकडे उन्हाला तोटा नाही. इथे श्रावणात आमचा माल हीटरशिवाय वाळत नाही, तेव्हा हेवा वाटतो. घाई म्हणून ओव्हनमध्ये मात्र घालू नकोस. त्यात जेवण शिजतं, आणि तापमान हाताबाहेर गेलं तर पितळ मऊ पडतं. पुंगळीचं बूड मऊ पडणं म्हणजे गोळी उडताना तिथला दाब तुझ्या तोंडासमोर सुटणं.

दिवाळीला येतोयस ना? निघण्यापूर्वी ती रेंजवर नेतोस ती बॅग घरीच ठेव, दुसरी आण. अस्तरात एखादी रिकामी पुंगळी राहिली तर मुंबई विमानतळावर उत्तरं देत बसशील, आणि सोडवायला मला यावं लागेल.

वहिनींना नमस्कार, पिल्लाला पापा.

तुझा,
शिरीष