रस्ट, फ्रीलान्स साइट आणि तुझा कोर्सचा प्रश्न

सांगली,
रविवार

प्रिय अव्या,

"प्रोग्रामिंग शिकायचंय, कोणता कोर्स लावू?" असं विचारलंस. याचं दोन ओळींत उत्तर देणारे तुला एव्हाना ढिगाने भेटले असतील, म्हणून मी जरा ऐसपैस लिहितो. चहा घेऊन बस.

कोर्स लावू नकोस. निदान आधी तरी नको. काहीतरी बांधायला घे, आणि ते असं निवड की त्यात एकाहून जास्त माणसं असतील. जो तो सांगतो, टू-डू लिस्ट कर, हवामानाचं ॲप कर. टू-डू लिस्टशी माझं वाकडं एवढ्याचसाठी, की तिच्यात दुसरा माणूसच नसतो. यादी माझी, कामं माझी, खोडणाराही मीच. भांडायला कुणी नाही, मग भाषेचा कस लागणार कुठे?

मी गेल्या पावसाळ्यापासून रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय, आणि त्यासाठी फ्रीलान्स कामांची एक साइट बांधतोय. काम देणारा काम टाकतो, करणारे बोली लावतात, एकाची निवड होते, पैसे मध्ये अडकवून ठेवायचे, काम पोचलं की सोडायचे. बस, एवढंच. हा विषय घेतला कारण या धंद्याच्या दोन्ही बाजू मला तोंडपाठ आहेत. तुलाही आहेत. त्या पुस्तिकेच्या डीटीपीचे पैसे तुला अजून मिळालेले नाहीत, हे मी विसरलेलो नाही.

रस्टबद्दल थोडं सांगतो. ग्रेडन होअर नावाचा मोझिलातला (फायरफॉक्स ब्राउझरवाले) प्रोग्रामर. व्हँकुव्हरमधल्या त्याच्या इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअर क्रॅश होऊन बंद पडायची आणि हा राहायला २१व्या मजल्यावर. वैतागून त्याने २००६मध्ये या भाषेचं काम सुरू केलं. पहिली पक्की आवृत्ती २०१५च्या मे महिन्यात आली. गंमत म्हणजे ईलान्स आणि ओडेस्क या फ्रीलान्स कामांच्या साइट एकत्र होऊन जी कंपनी झाली होती, तिने 'अपवर्क' हे नाव घेतलं तेही त्याच महिन्यात. योगायोगच, पण मला आपला बरा वाटतो.

रस्टचा नियम असा, की प्रत्येक गोष्टीला एका वेळी एकच मालक. ती दुसऱ्याला देऊन टाकली की तुझा हक्क संपला. नुसतं वाचताना हा निव्वळ जाच वाटतो. मालकी तपासणारा 'बॉरो चेकर' नावाचा खजिनदार प्रत्येक ओळीला हिशेब मागतो आणि नवी माणसं इथेच भाषा सोडून पळतात. मी टिकलो तो साइटमुळे. तिच्यात मी 'खुलं काम' आणि 'करार' असे दोन वेगळे प्रकार केलेत. निवडीचं फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, खुलं काम घेतं आणि करार परत देतं. त्यानंतर खाली कुठेही त्या खुल्या कामाला हात लावला, समजा त्यावर आणखी एक बोली घ्यायला गेलो, की कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राला कळेल असा करून देणारा प्रोग्राम, अडवतो: एरर ई०३८२, ही वस्तू आधीच दिली गेली आहे. शिवाय कोणत्या ओळीत दिली, त्या ओळीखाली रेघ मारून दाखवतो. लग्न ठरल्यावर मुलाची पत्रिका आणखी चार घरी फिरवू नये, इतकं ते सरळ आहे. मालकी हे प्रकरण मला समजलं ते तिथे, पुस्तकात नव्हे.

दुसरा प्रसंग 'वादग्रस्त'चा. कामाच्या अवस्था मी एका 'इनम'मध्ये, म्हणजे ठरावीक पर्यायांच्या यादीत, मांडल्या होत्या: खुलं, दिलेलं, पोचवलेलं, पूर्ण, रद्द. बरेच दिवस त्यावर निभावलं. मग तुझी पुस्तिका आठवली. काम पोचलंय, पण गिऱ्हाईक म्हणतंय पसंत नाही, आणि पैसेही सोडत नाही. ही अवस्था यादीत कुठे आहे? म्हणून 'वादग्रस्त' ही सहावी अवस्था घातली आणि बिल्ड मारला, म्हणजे कोड कंपायलरला दिला. स्क्रीन लाल. जिथे जिथे मी अवस्थांचा 'मॅच' (कोणत्या अवस्थेत काय करायचं ते) लिहिला होता, तिथे तिथे कंपायलर म्हणतो, वादग्रस्त असेल तर काय करायचं ते सांगितलेलं नाहीस. पैसे सोडण्याचं फंक्शन, ईमेल पाठवणारं, कामांच्या यादीतला रंग ठरवणारं, रेटिंग द्यायची परवानगी तपासणारं. मी जागोजागी जाऊन उत्तर देत बसलो. वाद चालू असताना रेटिंग देऊ द्यायचं का? हा प्रोग्रामिंगचा प्रश्नच नव्हे, पण तो मला विचारला कंपायलरने. (मी 'नाही' ठरवलं. तुझं मत वेगळं असणार, माहीत आहे.)

रेटिंगचीच आणखी एक गोष्ट. नव्या माणसाचं रेटिंग शून्य नसतं, ते नसतंच. बऱ्याच भाषांत या 'नसण्या'ला नल म्हणतात आणि तो नल भलत्याच ठिकाणी उगवून प्रोग्राम पाडतो. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी तो १९६५मध्ये आणला आणि २००९मध्ये आपणहून त्याला शंभर कोटी डॉलरची चूक म्हटलं. रस्टच्या रोजच्या वापरात नल नाही. त्याजागी 'ऑप्शन' आहे: मूल्य एक तर आहे किंवा नाही, आणि दोन्हींचा विचार केल्याखेरीज पुढे जाता येत नाही. नव्या पोराला शून्य तारे दाखवून त्याचं पहिलंच काम बुडवणाऱ्या साइट आपण पाहिल्यात ना?

आता पैसे. ते दशांशात ठेवायचे नाहीत, हे आधी डोक्यात घाल. संगणकाच्या हिशेबात ०.१ आणि ०.२ मिळून ०.३०००००००००००००००४ होतात. म्हणून सगळं पैशांत, पूर्णांकात. १२,५०० रुपयांचं काम म्हणजे १२,५०,००० पैसे. साइटचं कमिशन १० टक्के धरलं तर १,२५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २२५, करणाऱ्याच्या हातात ११,०२५. हे सरळ झालं. पण रक्कम ९९९.९५ असेल तर कमिशनमध्ये अर्धा पैसा येतो. तो कुणाचा? मी कमिशन खालच्या पूर्ण पैशावर आणतो आणि करणाऱ्याचा वाटा वजाबाकीने काढतो. एकूण बेरीज बिघडत नाही आणि अर्धा पैसा राबणाऱ्याकडे जातो. माझी साइट, माझा नियम.

खरे पैसे मात्र तिच्यातून फिरत नाहीत, पेमेंट गेटवेच्या टेस्ट मोडवरच, म्हणजे लुटुपुटूच्या पैशांवर, चालतंय. दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यात धरून ठेवणं हा पोरखेळ नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२०मध्ये पेमेंट ॲग्रीगेटरांसाठी, म्हणजे विक्रेत्यांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्यांसाठी, नियम काढले. बँक नसलेल्याला परवानगी लागते आणि गोळा केलेले पैसे शेड्यूल्ड बँकेतल्या एस्क्रो खात्यातच (दुसऱ्याचे पैसे राखून ठेवायचं वेगळं खातं) ठेवावे लागतात. शिकाऊ माणसाने तिकडे फिरकू नये. एस्क्रोचा हिशेब कोडमध्ये कसा मांडायचा, एवढं कळलं तरी पुष्कळ.

एका ठिकाणी रस्टही हात टेकतं, ते सांगायलाच हवं, नाहीतर तू म्हणशील मी प्रचारक झालो. समज, दोघा भागीदारांचं एकच खातं आहे. दोघांनी आपापल्या फोनवरून एकाच क्षणी दोन वेगळ्या माणसांना तेच काम दिलं. विनंत्या दोन, दोन्हींनी डेटाबेसमधून 'खुलं काम' वाचलं, दोन्हींकडे आपापली प्रत. कंपायलरला दोन्हीकडे काहीच वावगं दिसत नाही, त्याचं राज्य प्रोग्रामच्या आत. इथे पोस्टग्रेस, म्हणजे माझा डेटाबेस, उपयोगी पडतं. अवस्था बदलणाऱ्या क्वेरीतच (डेटाबेसला द्यायच्या हुकमात) अट घालायची, 'अजून खुलं असेल तरच', आणि किती ओळी बदलल्या ते पाहायचं. एक बदलली तर काम तुझं. शून्य आली तर कुणीतरी आधी घेतलं, सांग तसं गिऱ्हाइकाला. टू-डू लिस्ट करणाऱ्याला हे आयुष्यात भेटणार नाही.

राग येण्यासारखंही बरंच आहे. असिंक कोडमधले (एका कामाची वाट बघत दुसरं हाताळणाऱ्या) एररचे संदेश कधीकधी पानभर लांब असतात, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर पहिला बिल्ड होईपर्यंत अंघोळ उरकते. पीएचपी या भाषेत जे संध्याकाळपर्यंत उभं राहिलं असतं, त्याला इथे आठवडा जातो. म्हणून तुला पहिलीच भाषा रस्ट घे असं मी म्हणणार नाही. तू पायथन ही भाषा घे, त्यातलं साइट बांधायचं जँगो घे. लॉगिन आणि ॲडमिन पॅनल त्यात आयतं मिळतं आणि तुझा जीव मूळ व्यवहारावर लागेल. साइट मात्र हीच बांध. फार तर अनुवादाच्या कामांपुरती कर. दर शब्दावर लावायचा की पानावर, यावरूनच तुझे दोन आठवडे जातील, आणि ते जाऊ देत.

माझ्या कोडची लिंक वेगळी पाठवतो. उघडलंस की आधी गिऱ्हाईक म्हणून लॉगिन कर, एक डीटीपीचं काम टाक आणि मुद्दाम त्रास दे. मुदत उलटून गेल्यावर ती बदल, काम पोचल्यावर रद्द कर, स्वतःच्याच कामावर बोली लाव. जे जे तुझ्याशी आजवर झालंय ते सगळं करून बघ. कुठे सापडलं की स्क्रीनशॉट पाठव, व्हॉइस नोट नको, तुझ्या व्हॉइस नोटमध्ये निम्मा वेळ मिक्सरच ऐकू येतो.

दिवाळीत येतोयस ना? काकूंना नमस्कार, आणि त्या पुस्तिकेवाल्याला पुन्हा एक फोन कर.

तुझा,
नंदू