ज्यांनी माझ्या डायऱ्या वाचून काढल्या, त्यांस

स. न. वि. वि.

तुमचे नाव जाहीरपणे घेऊ नये, ही तुमची इच्छा मी पाळतो आहे. मात्र कोथरूडमधील माझ्यासारख्या एका इस्टेट एजंटच्या कामाला तुम्ही संगणक प्रणाली बनवून जी शिस्त लावलीत, तिचे आभार चारचौघांतच मानले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

तुम्ही भाड्याचे घर पाहायला आलात, तेव्हा माझा सगळा व्यवसाय सात डायऱ्यांत आणि व्हॉट्सॲपवरील फोटोंत विखुरलेला होता. त्याच आठवड्यात एका आजींच्या सदनिकेच्या कराराची मुदत संपून महिना उलटल्याचे माझ्या लक्षात आले होते. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. म्हणजे विसर माझा पडला आणि जोखीम आजींच्या माथी आली. याची खंत मी तुमच्यापाशी बोलून दाखवली.

संगणक उघडण्याआधी तुम्ही चार संध्याकाळी माझ्या दुकानात नुसत्या बसून राहिलात. फोन आला की मी कोणती डायरी ओढतो, कोणत्या पानावर बोट ठेवतो, हे टिपत राहिलात. "काका, तुम्ही मालकाचे नाव शोधतच नाही, इमारत शोधता," असे तुम्ही म्हणालात; वीस वर्षांत ते माझ्या ध्यानी आले नव्हते. मी पूर्वी वापरून पाहिलेल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये नव्या चौकशांचा पाठपुरावा करण्याची उत्तम सोय होती, पण जुन्या घरमालकाची आठवण ठेवायला जागा नव्हती. तुमच्या प्रणालीत इमारतीचे नाव मराठीत लिहिले तरी चालते, आणि मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी मालक व भाडेकरू दोघांनाही मराठीत संदेश जातो.

विक्रीच्या घरांसाठी तुम्ही ठेवलेला महारेरा क्रमांकाचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडील प्रकल्प नोंदणी क्रमांकाचा, रकाना मात्र मला आरंभी जाचक वाटला, कारण तो भरल्याशिवाय नव्या प्रकल्पाची माहिती ग्राहकाला पाठवताच येत नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा ८ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट असते, हे मी सांगितल्यावरही तुम्ही तो रकाना काढला नाहीत. क्रमांक नसेल तर कारण लिहा, एवढीच मुभा दिलीत. त्याच रकान्यामुळे एका तरुण जोडप्याने टोकन देण्यापूर्वी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद उघडून पाहिली आणि विक्री कार्यालयात तोंडी सांगितलेल्या ताब्याच्या तारखेपेक्षा तिथली तारीख वर्षभर पुढची असल्याचे त्यांना कळले. तो व्यवहार झाला नाही. पुढे त्यांनी माझ्याकडूनच दुसरे घर घेतले.

आजींच्या कराराचे गेल्या महिन्यात वेळेआधी नूतनीकरण झाले. त्यांच्या नोंदीत शेरा होता: "उजवा अंगठा यंत्र घेत नाही, डाव्या हाताची अनामिका लागते." मागच्या नोंदणीच्या वेळी त्यांचे झिजलेले ठसे उमटेनात, म्हणून आम्ही तासभर खटपट केली होती, तो शेरा तुमच्याच आग्रहाने मी लिहून ठेवला होता. यंत्र घेऊन गेलेल्या मुलाने थेट तेच बोट मागितले, तेव्हा आजींनी चहाचे आधण नुकतेच ठेवले होते. ते उकळायच्या आत काम झाले.

कळावे, लोभ असावा.

तुमचे काका