नडगीचे दुखणे अंगावर काढू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळी उलटून थंडी पडू लागली की खानदेशात पहाटे पळणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. जळगावात मेहरूण तलावाच्या काठी हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे नोकरदार आणि व्यापारी दिसतात, तर अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा या भागांत भरतीची मुले-मुली चार-साडेचारलाच गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर असतात. राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत एकट्या ५ किलोमीटर धावण्याला १०० पैकी ५० गुण असल्याने त्या मुलांचा सगळा जीव त्या एका शर्यतीत अडकलेला असतो. मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि निवृत्तीनंतरही रोज ग्राउंडवर जातो. ही मुले जे दुखणे हमखास अंगावर काढतात, त्या नडगीच्या दुखण्याविषयी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी आमच्या ग्राउंडवर येणाऱ्या एका मुलाचे असेच झाले. ५ किलोमीटरमध्ये त्याचा टायमिंग चांगला होता. कापूस वेचणीला मजूर मिळेनात म्हणून तो तीन आठवडे घरच्या शेतात राबला आणि वेचणी उरकताच, बुडालेले दिवस भरून काढायचे म्हणून, दुसऱ्याच दिवसापासून पूर्वीसारखा रोज दहा-बारा किलोमीटर पळू लागला. पंधरवड्याने तो "सर, मनी नडगी दुखस" म्हणत माझ्याकडे आला. मी त्याला थांबायला सांगितले. परंतु तो ज्या खासगी अकॅडमीत जात होता, तेथे दुखणे पळूनच मोडते असे त्याच्या मनावर बिंबवलेले होते. एका दवाखान्यात दुखणे थांबवणारे इंजेक्शन घेऊन आणि क्रेप बँडेज बांधून तो पळत राहिला. एक्स-रे काढला होता, त्यात काही दिसले नाही, म्हणून त्याची उरलीसुरली भीतीही गेली. पुढे पाचव्या आठवड्यात एका वळणावर त्याचे हाड मोडले आणि आम्ही चौघांनी त्याला उचलून रिक्षात घातले. प्लास्टर निघाले तोवर मैदानी चाचणी होऊन गेली होती. मी तेव्हाच त्याच्या घरी जाऊन वडिलांशी बोलायला हवे होते, ही खंत मला आजही आहे.

हे का घडते, ते पालकांनी आणि प्रशिक्षकांनी नीट समजून घ्यावे. पळण्याचा भार वाढला की हाड स्वतःची डागडुजी सुरू करते, आणि भिंतीची डागडुजी करताना जसा आधी ढिला गिलावा खरवडून काढावा लागतो, तसा हाडाचाही थकलेला भाग आधी झिजवला जातो व नवे हाड त्यामागून, सावकाश भरले जाते. मधल्या काही आठवड्यांत ते हाड नेहमीपेक्षा कमजोर असते. दम मात्र लवकर वाढतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुलाला आपण आता कितीही पळू शकतो असे वाटू लागते, नेमके तेव्हाच त्याची नडगी सर्वांत नाजूक अवस्थेत असते. त्यात भर पडत राहिली की हाडाला बारीक तडा जातो, ज्याला डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. म्हणून खंड पडल्यानंतर पुन्हा सुरुवात करताना आधीच्या निम्म्याहून कमी अंतरापासून आणि एक दिवसाआड पळावे. आठवड्याला दहा टक्के वाढ हा सर्वत्र सांगितला जाणारा हिशेब केवळ ठोकताळा आहे, तो प्रत्येकाला लागू पडेलच असे नाही. परंतु अंतर आणि वेग ही दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नयेत, एवढे तरी पाळावे.

प्रत्येक नडगीदुखी म्हणजे तडा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. मी मुलाला ओट्यावर बसवतो, पाय सैल सोडायला लावतो आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा हळूहळू खाली नेतो. चार-पाच बोटे लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे सारखेच दुखत असेल आणि पळायला लागल्यावर थोड्या वेळाने दुखणे कमी होत असेल, तर बहुधा ते मुले ज्याला शिन पेन म्हणतात तेच असते, व भार कमी केल्यावर ते काही आठवड्यांत बसते. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी कळ येत असेल, पळताना ती वाढत जात असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारताच मुलाचा चेहरा बदलत असेल, तर त्याच क्षणी पळणे बंद करून त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावे. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये असा तडा बहुतेकदा दिसत नाही. तो एमआरआयमध्ये लवकर कळतो. एमआरआयचा खर्च परवडत नसेल तर तडा आहे असे धरूनच विश्रांती देणे शहाणपणाचे ठरते. सहा ते आठ आठवडे थांबल्याने एक भरती हुकू शकते, हे मलाही कळते. हाड पूर्ण मोडले तर तीही हुकते आणि पुढचीही धोक्यात येते. लांब पळणाऱ्याच्या जांघेत खोलवर दुखू लागले तर त्याने एक दिवसही वाट पाहू नये, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असल्यास कधी कधी शस्त्रक्रियेची वेळ येते.

वेदनाशामक गोळी घेऊन पळण्याची सवय हाफ मॅरेथॉनवाल्या सुशिक्षित मंडळींतही मी पाहतो. त्या गोळीने इजा बरी होत नाही, केवळ तिची सूचना बंद होते. शिवाय अंगातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्यांचा मूत्रपिंडावर वाईट परिणाम होऊ शकतो, आणि आपल्याकडे होळीनंतरचे ऊन कसे असते हे जळगाव-भुसावळच्या माणसाला सांगायला नको. टाचेमागची जाड शीर दुखते म्हणून तेथे स्टिरॉइडचे इंजेक्शन घेणे तर त्याहून धोक्याचे आहे, कारण त्यानंतर ती शीर तुटण्याची भीती असते. त्या दुखण्यावर अतिशय साधा व्यायाम आहे. स्वीडनमधील हाकान अल्फ्रेडसन या डॉक्टरांनी १९९८ साली तो प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीखाली न्यायची आणि वर येताना भार चांगल्या पायावर घ्यायचा. असे १५ वेळा, तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, सलग १२ आठवडे. शाळेच्या व्हरांड्याची पायरी त्याला पुरते. चौथ्या आठवड्यात कंटाळून सोडणाऱ्याला गुण येत नाही, एवढे मी अनुभवाने सांगतो.

पळण्याआधी एकाच जागी उभे राहून पाय ताणत बसल्याने दुखापती टळतात, असे मीही अनेक वर्षे शिकवत आलो. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील दीड हजारांहून अधिक नव्या जवानांवर केलेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचल्यावर मी ते शिकवणे सोडले. १२ आठवडे असे ताण देणाऱ्या आणि न देणाऱ्या जवानांच्या दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नव्हता. दहा मिनिटे चालणे व हलके पळणे आणि आठवड्यातून दोनदा पोटऱ्या, मांड्या व कंबर मजबूत करणारे व्यायाम यांवर तो वेळ खर्च करावा.

मुलींविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण त्याबद्दल ग्राउंडवर कोणीच बोलत नाही. भरतीच्या तयारीतील कितीतरी मुली पहाटे उपाशीपोटी पळतात, आठवड्याचा उपवासही सोडत नाहीत आणि वजन उतरले म्हणून त्यांचे कौतुक होते. खाणे कमी आणि मेहनत जास्त झाली की पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि तडे जाण्याची शक्यता वाढते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली याविषयी जगभरातील खेळाडूंना सावध केले होते. पाळी थांबली तर सरावाला बरेच झाले, असे मुलींना वाटू देऊ नये. पळून आल्यावर दादरची (ज्वारीची) भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध किंवा अंडे पोटभर मिळणे हा त्यांच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि ते आईने जितके लक्षात ठेवावे तितकेच वडिलांनीही.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे आठवड्यातून एक दिवस, सकाळच्या वेळी, पळणाऱ्या मुला-मुलींसाठी अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांची स्वतंत्र ओपीडी ठेवावी, अशी तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना व जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. अक्कलकुवा-धडगावच्या मुलांना तेवढ्यासाठी नंदुरबारला येणे परवडणार नाही, म्हणून भरतीच्या हंगामात महिन्यातून एकदा तरी ही मंडळी तालुक्याच्या ग्राउंडवर यावीत. खासगी अकॅडमी चालवणाऱ्यांनीही प्रत्येक मुलाची एक वही ठेवून तो रोज किती पळाला आणि कुठे दुखले, एवढ्या दोन ओळी लिहून घ्याव्यात. त्या मुलाची अशी वही असती, तर वेचणीचा तीन आठवड्यांचा खंड आणि त्यानंतरची एकदम वाढ कोणाच्याही नजरेतून सुटली नसती.

तो मुलगा आता पुन्हा ग्राउंडवर येऊ लागला आहे. एक दिवसाआड, दोन मिनिटे पळणे आणि दोन मिनिटे चालणे, एवढेच तो सध्या करतो. अमळनेर परिसरातील एखादे फिजिओथेरपिस्ट रविवारी सकाळी तासभर देऊ शकत असतील, तर त्यांनी आपल्या दैनिकामार्फत कळवावे. तीस-पस्तीस मुले-मुली तेथे साडेसहापर्यंत असतात.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
ता. अमळनेर, जि. जळगाव