फेसलिफ्ट करायच्या आधी

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या मोठ्या बहिणीला, वय 58, फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी ताणून घ्यायचं ऑपरेशन, करायचंय म्हणून एका क्लिनिकमध्ये गेलो होतो, दहा मिनिटांत पॅकेज सांगितलं, आजच बुक केलं तर डिस्काउंट म्हणे, पण ताईला बीपीची गोळी चालू आहे का हे कुणी विचारलंच नाही, आणि बीपी वाढलेलं असलं की ऑपरेशननंतर कातडीखाली रक्त साचायचा धोका वाढतो हो!

मग प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. ही सर्जनची वरची पदवी घेतलेल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ताईच्या हातात आरसा दिला, कानाजवळची कातडी दोन बोटांनी मागे ओढून दाखवली, म्हणाले जबडा आणि मान सुधारेल, ओठांवरच्या बारीक रेषा तशाच राहतील, टाके कानाच्या पुढून मागे जातात, सूज दोन-तीन आठवडे तरी राहते, क्वचित चेहरा हलवणाऱ्या नसेला इजा होते. दातांना तंबाखूची मिश्री लावता का हेपण विचारलं, निकोटिनने जखम नीट भरत नाही ना.

छान दिसावंसं वाटणं यात काही चूक नाही, ताईला मी तेच सांगते. पण भाचीच्या लग्नाची तारीख बघून ऑपरेशन ठरवू नका, आधी हे सगळं विचारून घ्या. ताई आता बीपी आटोक्यात आल्यावर बघू म्हणतेय.

एक वाचक, पुणे