व्हेनिसमध्ये गोंडोलापलीकडेही पाहा

संपादक महोदय,

पर्यटन पुरवण्यांत व्हेनिस म्हणजे गोंडोला या वल्ह्याच्या होडीतली अर्ध्या तासाची महागडी फेरी, बस्स! या शहराच्या प्रेमात पडायचं तर सांता लुचिया स्टेशनाबाहेर १ नंबरची वापोरेत्तो (इथली सार्वजनिक जलबस) पकडावी. ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यावर या काठाहून त्या काठाला, जवळजवळ प्रत्येक धक्का घेत ती सान मार्को या मुख्य चौकापाशी जाते. ७५ मिनिटांचं तिकीट चढण्यापूर्वी धक्क्यावरच्या यंत्राला टेकवायचं. नुसतं खिशात राहिलं तर दंड.

हॉटेलचा घरक्रमांक गल्लीनुसार नसतो. शहराच्या सहा विभागांपैकी प्रत्येकाचे आकडे सलग हजारांत जातात, म्हणून जवळच्या पुलाचं नाव आधीच विचारून ठेवावं. बहुतेक पुलांना पायऱ्या. चाकाची बॅग तिथे उचलावीच लागते (लाडू-चिवड्याचे डबे धरून!).

– एक वाचक, पुणे