संगणक ‘गेला’ म्हणण्याआधी

महोदय,

‘संगणक बंद, दाखले रखडले’ ही आमच्या तालुक्याची बातमी आपण छापलीत आणि दोनच दिवसांनी एका वाचकाचं पत्रही छापलंत. सरकारी कार्यालयांतली जुनी यंत्रं एकदाची भंगारात घाला आणि नवी द्या, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांचा राग मला कळतो. मुलीचा नॉन क्रिमीलेअरचा दाखला ऐन प्रवेशाच्या दिवसांत अडकला तर कोणीही चिडेल. पण ज्या संगणकावर त्यांचा राग निघाला तो मी स्वतः उघडून बघितला आहे, म्हणून हे पत्र. कणकवलीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. तेवीस वर्षं हेच काम करतोय.

त्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही, लिहून कोणाचं भलंही होणार नाही. सोमवारी सकाळी फोन आला, पाऊस कोसळत होता. सॅकमध्ये नेहमीचं सामान भरलं: दोन स्क्रू ड्रायव्हर, वीज मोजायचा मल्टिमीटर, रंगाचा एक इंची ब्रश, खोडरबर, नाण्याएवढे दोन सेल आणि खात्रीची एक रॅम, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी. पोहोचलो तर खिडकीच्या काचेवर कागद डकवलेला, ‘संगणक बंद आहे, तसदीबद्दल क्षमस्व’. आत फुलाफुलांच्या कापडाखाली यंत्र झाकून ठेवलेलं. नऊ दिवस तसंच. शिपाईकाकांनी रोगाचं वर्णन एका दमात सांगितलं, “रे, आदल्या दिवशी सांजेक बरो होतो. सकाळी बटन दाबलंय तर पंखो फिरता, पण दिसणा काय नाय.”

अशी नीट माहिती देणारा माणूस भेटला की माझं निम्मं काम होतं. पंखा फिरतोय म्हणजे वीज आत पोचते आहे. मॉनिटरचा दिवा निळा न होता पिवळा लुकलुकत होता, म्हणजे त्यालाही वीज आहे, फक्त चित्र मिळत नाही. मग कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघितलं. दाबल्यावर त्याचा हिरवा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आतून जागं आहे आणि दोष मॉनिटरचा किंवा त्याच्या केबलचा आहे असं समजायचं. इथे दिवा ढिम्म. म्हणजे यंत्र हजेरीच्या टप्प्यावरच अडकलं होतं. बटण दाबलं की संगणक विंडोजकडे जायच्या आधी स्वतःची हजेरी घेतो: प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, कीबोर्ड आहे का. यात रॅमच सापडली नाही तर ती तक्रार पडद्यावर लिहायलाही त्याला जमत नाही, म्हणून तो नुसती शिट्टी मारतो. हल्लीच्या बऱ्याच डब्यांत शिट्टीचा तो चिमुकला स्पीकरही बसवलेला नसतो. मग पडदा काळा, आणि माणसं म्हणतात ‘गेला’.

वायर काढली आणि बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं, आत साठून राहिलेली वीज उतरावी म्हणून. मग झाकण उघडलं. कोपऱ्यात पालीची दोन अंडी. त्या संगणकावर काम करणाऱ्या मॅडम खुर्चीसकट मागे सरकल्या. अंडी कागदावर घेऊन शिपाईकाकांनी बाहेर नेली आणि मी रॅम काढली. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोनेरी दात असतात, ते काळपट पडले होते. कोकणात हे दर पावसाळ्यात होतं. हवा दमट, त्यात खारी, आणि यंत्र शनिवार-रविवार बंद. चालू यंत्र स्वतःच्या उबेने कोरडं राहतं, बंद यंत्राला दमट हवा धरते. शाळेतल्या पोरांच्या खोडरबराने दात दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासले, भुरा ब्रशने झाडला, पट्टी पुन्हा खाचेत ठेवून दोन्ही टोकांना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबली. बटण दाबलं. पडदा उजळला. रांगेतल्या एका आजोबांनी टाळीच वाजवली.

गोष्ट तिथे संपली नाही. यंत्राने तारीख दाखवली १ जानेवारी २०१२ आणि पुढे जायला एफ-वन दाबा म्हणून अडून बसलं. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, नाण्यासारखा एक सेल असतो, २०३२ नंबरचा, तीन व्होल्टचा. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं आणि जुन्या यंत्रांत सुरुवातीच्या सेटिंगा लक्षात ठेवायच्या, एवढं त्याचं काम. तो मेला होता. मॅडम म्हणाल्या, “भाऊ, तारखेचं तर तीन महिने होतंय. रोज एफ-वन दाबतो आम्ही. त्यात इंटरनेटही सारखं जातं.” इंटरनेट जात नव्हतं. तारीख २०१२ची असली की ब्राउझर सरकारी संकेतस्थळाचं सुरक्षा प्रमाणपत्र मान्यच करत नाही आणि ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून लाल पाटी दाखवतो. साहेबांच्या डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखी किल्ली, तोही अडतो, कारण २०१२च्या हिशोबाने ती सही अजून जन्मालाच आलेली नाही. या लोकांनी तीन महिने इंटरनेटवाल्याला शिव्या घातल्या होत्या.

सेलला चाळीस रुपये, खोडरबराला पाच, बाकी माझी फेरी. तेवढ्यासाठी नऊ दिवस.

नऊ दिवस कुठे गेले तेही मी विचारलं. तक्रार तालुक्याहून जिल्ह्याला गेली, तिथून देखभालीच्या कंत्राटदाराकडे. त्याचा एकच पोरगा तीन तालुके फिरतो आणि तो तापाने घरी होता. मग मॅडमनी स्वतः झाकण का उघडलं नाही? कारण झाकणाच्या सांध्यावर स्टिकर आहे, ‘सील तोडल्यास वॉरंटी रद्द’. वॉरंटी तीन वर्षांची होती. यंत्र आठ वर्षांचं आहे. वॉरंटी केव्हाच संपली, स्टिकर मात्र इमानाने चिकटून आहे. मॅडमना जमिनीच्या नोंदींचे नमुने तोंडपाठ, सातबाऱ्यातली चूक त्या डोळे मिटून काढतील, पण चार स्क्रू काढायचा अधिकार त्यांना नाही. “उद्या काही झालं तर माझ्या पगारातून वसुली, भाऊ,” असं म्हणाल्या, आणि त्यात खोटं काहीच नाही.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल, नाहीतर आपले वाचक म्हणतील की दुकानदार फक्त सरकारला बोलतो. डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणतात तसं आमच्यात ‘मदरबोर्ड गेला’ म्हणतात. ते कोणी तपासायला जात नाही. मदरबोर्ड खरोखर जातो, नाही असं नाही. वीज पडली की एका रात्रीत चार-चार जातात, जुन्या बोर्डांवरचे कपॅसिटर पुरीसारखे फुगलेले मी पाहिले आहेत. पण माझ्या दुकानात ‘मेलेले’ म्हणून आलेल्या यंत्रांत निम्म्याहून जास्त रॅमच्या दातांची, सेलची, ढिल्या वायरीची, नाहीतर यूपीएसच्या बसलेल्या बॅटरीची असतात. दुकानाला त्यातून पैसे सुटत नाहीत, हे खरं दुखणं आहे.

त्याहून वाईट म्हणजे ‘फॉरमॅट मारून देतो’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. एका पतसंस्थेत सकाळी पडद्यावर आलं की बूट डिव्हाइस सापडत नाही. कोणाच्या तरी ओळखीचा पोरगा आला, त्याने विंडोज नवीन टाकलं, यंत्र सुरू झालं, चहा झाला. दुपारी कॅशिअरने विचारलं, डेस्कटॉपवरचं ‘नवीन फायनल २’ फोल्डर कुठे आहे? डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, आणि फॉरमॅटमध्ये तोच पुसला जातो, हे कोणी त्यांना सांगितलेलं नव्हतं. चार वर्षांच्या एक्सेल फायली त्यात होत्या. मला बोलावलं तेव्हा पुढच्या बाजूला एक पेनड्राइव्ह खोचलेला होता. मी विचारलं, हा कधीचा? आदल्या संध्याकाळचा. यंत्र विंडोज शोधायला आधी पेनड्राइव्हमध्ये जात होतं, तिथे ते नव्हतं, बस. पेनड्राइव्ह उपटून पुन्हा बटण दाबलं असतं तर कॅशिअर आजही माझ्याशी बोलला असता. त्या फायलींतल्या निम्म्याच परत मिळाल्या. फ्लॉपीच्या काळात हीच चूक रोज व्हायची, त्यामुळे आम्ही आधी फ्लॉपीच्या तोंडात बघायचो. नव्या पोरांनी फ्लॉपी पाहिलेली नाही.

तो मेलेला सेलही असाच खेळ करतो. जुन्या बोर्डावर सेल गेला की हार्ड डिस्कशी कसं बोलायचं याची सेटिंग मूळपदावर जाते, कधी ती विंडोजला जुळत नाही आणि निळा पडदा येतो. डिस्क धडधाकट, माहिती शाबूत, फक्त एक पर्याय बदलायचा असतो. अशा निळ्या पडद्यावर किती फॉरमॅट मारले गेले असतील ते देवाला ठाऊक.

भंगाराच्या सूचनेला हल्ली एक नवं कारण मिळालं आहे. ‘विंडोज टेन बंद झालं ना, म्हणून सुरू होत नाही,’ हे मी या पावसाळ्यात तीन कार्यालयांत ऐकलं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज टेनचं समर्थन थांबवलं, म्हणजे सुरक्षेच्या मोफत सुधारणा थांबल्या. त्याने कुठलंही यंत्र सुरू व्हायचं थांबत नाही. इंटरनेटवर सरकारी काम करणारं यंत्र असं सुधारणांशिवाय ठेवू नये हे मलाही मान्य, आणि जुन्या यंत्रांत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसल्यामुळे विंडोज इलेव्हन रीतसर बसत नाही हेही खरं. ती यंत्रं बदला. पण काळ्या पडद्याचं खापर त्यावर फोडू नका, कारण नवं यंत्र आलं तरी त्याच्या रॅमला कोकणातली हवा तीच लागणार आहे.

आणि वीजही तीच. त्या कार्यालयात मल्टिमीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसू नये तिथे सेहेचाळीस दिसले. डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून मॅडम रबरी चप्पल घालून बसतात. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कोणीतरी कापून काढली होती, भिंतीतलं सॉकेट दोन पिनांचं म्हणून. अर्थिंगच्या खड्ड्यावर आता कुंडी आहे, तुळशीची. मी पंचायतीच्या वायरमनला दाखवलं. तो म्हणाला, तुळस कशी हलवायची?

१९ जुलै २०२४ आपल्याला आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षेच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर निळे पडदे आले, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रं बंद पडली होती. माझा भाचा पुण्यात एका कंपनीत आहे, तो त्या रात्री घरी आला नाही. उपाय काय होता? यंत्र सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरतंच, सुरू करायचं, एक फाईल पुसायची, पुन्हा सुरू करायचं. बऱ्याच यंत्रांना दुरून हात लावता येत नव्हता, कारण सुरूच न झालेल्या यंत्राला दुरून कसं सांगणार? कोणालातरी टेबलाशी जाऊन बसावं लागलं. कंपनी जगातली कितीही मोठी असो. आमच्या तालुक्यात मात्र टेबलाशी रोज बसणाऱ्या माणसालाच आपण हात लावू देत नाही.

माझं मागणं नव्या खरेदीचं नाही. प्रत्येक कार्यालयातल्या दोघांना एक दुपार झाकण उघडून दाखवा, मी फुकट येईन. वॉरंटी संपलेल्या यंत्रांवरचे स्टिकर लेखी आदेशाने काढा. कार्यालयप्रमुखाला पाचशे रुपयांपर्यंतची दुरुस्ती जिल्ह्याला न विचारता करू द्या. आणि फॉरमॅट मारण्याआधी कार्यालयप्रमुखाची सही घ्यायला लावा, म्हणजे मारणारा निदान दोन मिनिटं थांबेल.

त्या दिवशी स्टिकर मी ब्लेडने कापला, साहेबांनी ‘उघड रे’ म्हटलं म्हणून. काम झाल्यावर मॅडमनी त्यावर सेलोटेप लावली आणि माझ्याकडून लेटरहेडवर लिहून घेतलं की स्टिकर आधीपासूनच फाटलेला होता. लिहून दिलं. बिलासोबत तोही कागद जिल्ह्याला गेला आहे. दोन्हीचं उत्तर अजून आलेलं नाही.

आपला,
संगणक दुरुस्ती करणारा एक वाचक,
कणकवली, जि. सिंधुदुर्ग