माकड खोटं बोललं नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘औषधांच्या चाचण्यांतून प्राण्यांची सुटका’ ही आपल्या रविवारच्या पुरवणीतली बातमी वाचली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मोनोक्लोनल अँटिबॉडी (प्रयोगशाळेत बनवलेली, एकाच ठरावीक लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडं) प्रकारच्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचं १० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलं, त्यावर ती बेतलेली होती. बातमी आनंदाचीच आहे, तक्रार फक्त शेवटच्या वाक्याबद्दल. ‘माकडांवरच्या चाचण्या निरुपयोगी असल्याचं लंडनच्या घटनेत सिद्ध झालं’ असं आपल्या वार्ताहराने लिहिलंय. मी पशुवैद्यक. एकोणीस वर्षं पुण्याकडच्या एका खासगी प्रयोगशाळेचं प्राणिगृह सांभाळलं, आता नंदगडला घरी असतो. त्या वाक्याने माझी दुपारची झोप गेली, म्हणून हे पत्र.

बातमी आली त्याच आठवड्यात माझ्या नातवाला कुत्रं चावलं. खळ्यावर मळणी चालली होती, पोरगं भाताच्या पेंढ्यांत लपलं होतं, तिथे आधीच एक कुत्री पिल्लं घालून बसलेली. पोटरीत दात रुतले. साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली पाय धरला आणि गाडी काढली. डॉक्टरांनी लस दिली, शिवाय जखमेत आणि जखमेभोवती एक वेगळं औषध टोचलं. ते रेबीजवरचं मोनोक्लोनल. पूर्वी या कामाला घोड्याच्या रक्तातला सीरम असायचा, किलोमागे ४० युनिट, तोही आधी कातडीवर तपासून, कारण घोड्याची प्रथिनं काहींना सोसत नाहीत. हे नवं औषध किलोमागे ३.३३ युनिट लागतं. अठरा किलोच्या पोराला साठ युनिटांत भागलं. आपल्याकडे सीरम इन्स्टिट्यूटने ते २०१६च्या सुमारास आणलं. सोबतचा कागद इंग्रजीत आणि दवाखान्यातला फलक कन्नडमध्ये. आमच्या घरात दोन्ही वाचू शकणारा मी एकटा, तेव्हा उलगडून सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. ते असो.

संध्याकाळी शेजारच्या अक्का चौकशीला आल्या. बातमी त्यांच्या सुनेने वाचून दाखवली होती. म्हणाल्या, “ही सुई माकडावर बघितल्यात काय हो डाक्टर? की आता न बघताच टोचाय लागल्यात?”

अक्कांचा प्रश्न आपल्या मथळ्यापेक्षा नेमका आहे. त्याचं उत्तर औषधागणिक बदलतं.

रेबीजवरची अँटिबॉडी विषाणूला धरते. माणसाच्या शरीरात तिला धरायला स्वतःचं असं काही नाही. मग तिच्या सुरक्षिततेसाठी माकडांच्या टोळ्या लागत नाहीत. ती उपयोगी आहे का, हे हॅम्स्टरला रेबीज देऊन पाहता येतं. सुरक्षित आहे का, हे पाहायला माणसाच्या वेगवेगळ्या अवयवांचे काचेवरचे पातळ काप घेतात आणि औषध भलत्याच ठिकाणी चिकटत नाही ना, ते बघतात. आंतरराष्ट्रीय नियमावलीतही, लक्ष्य विषाणू किंवा जिवाणू असेल तर एका प्रजातीतला थोडक्या मुदतीचा अभ्यास पुरेसा धरतात. “म्हंजे उंदरासारखंच काहीतरी की,” अक्का म्हणाल्या. होय, साधारण तसंच.

आता लंडनची गोष्ट. १३ मार्च २००६, नॉर्थविक पार्क रुग्णालय. टीजीएन १४१२ हे अशाच अँटिबॉडी प्रकारचं औषध सहा धडधाकट तरुणांना पहिल्यांदाच दिलं गेलं, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने एकामागून एक. दीड तासाच्या आत डोकेदुखी, पाठदुखी, थंडी, ओकाऱ्या. पुढच्या काही तासांत साही जण अतिदक्षता विभागात. जीव सगळ्यांचे वाचले, पण एकाच्या पायांची बोटं आणि हाताच्या काही बोटांचे तुकडे गेले. दिलेली मात्रा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम होती. माकडांना तिच्या पाचशेपट, म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम, आठवड्याला एक याप्रमाणे चार आठवडे दिली होती आणि ती मजेत होती.

माकड खोटं बोललं का? नाही. औषध पेशीच्या पृष्ठभागावरच्या ज्या सीडी २८ नावाच्या खुंटीला चिकटतं, ती माकडातही होती आणि औषध तिला चिकटतही होतं. फरक पुढे होता. रोगाशी एकदा लढून अनुभवी झालेल्या ज्या टी पेशी (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) माणसात या खुंटीवरून पेटल्या, त्या पेशींवर मॅकाक जातीच्या माकडात ही खुंटी उरतच नाही. औषध ओळखणं वेगळं आणि त्याने पेटून उठणं वेगळं. ‘तुला काही होतंय का?’ एवढंच माकडाला विचारलं होतं आणि त्याने खरं तेच सांगितलं.

आणि ज्यांना वाटतं की प्राण्याऐवजी माणसाचं रक्त परीक्षानळीत घेतलं असतं तर हे टळलं असतं, त्यांनी पुढचं ऐकावं. औषध नुसतं विरघळवून माणसाच्या रक्तपेशींत घातलं तर त्या पेशी गप्पच राहिल्या. नंतर ब्रिटनमधल्या सरकारी प्रयोगशाळेने तेच औषध प्लास्टिकच्या तळाला वाळवून चिकटवलं आणि वर पेशी सोडल्या, तेव्हा त्या पेशी पेटल्या आणि लंडनसारखंच वादळ उठलं. प्राणी नसलेली चाचणीसुद्धा पहिल्या खेपेला तितकीच फसली होती, हे आपल्या बातमीत यायला हवं होतं.

या औषधांची आणखी एक खोड आहे. साधी गोळी बहुधा दिवस-दोन दिवसांत शरीराबाहेर पडते. अँटिबॉडी रक्तात निम्मी व्हायलाच तीनेक आठवडे लागू शकतात. चुकून दिली तर परत बोलावता येत नाही. म्हणून २००७ साली युरोपच्या औषध संस्थेने पहिल्या मात्रेचा हिशेबच उलटा करायला लावला. प्राण्याला किती सोसलं यावरून खाली येण्याऐवजी, माणसाच्या पेशींवर कमीत कमी किती मात्रेत काही घडतं तिथून वर जायचं. शिवाय एकाला देऊन थांबायचं, मग दुसऱ्याला. हेच औषध पुढे वेगळ्या नावाने रशियात माणसांना पुन्हा दिलं गेलं, तेव्हा सुरुवात हजारपट कमी मात्रेने झाली.

आता माझ्या घरचं. प्राणिगृहात माकडं नव्हती, विस्टार जातीचे उंदीर होते. एका नकल अँटिबॉडीचा, म्हणजे आधीच बाजारात असलेल्या औषधाच्या देशी प्रतीचा, अठ्ठावीस दिवसांचा अभ्यास आला. रोज सकाळी साडेसातला वजनं, खाल्लेल्या खाद्याचा हिशेब, केस विस्कटलेत का, पाठीला पोक आलंय का, विष्ठा कशी. शेपटीच्या शिरेतून मात्रा. पोरं मन लावून काम करायची. शेवटी अहवालात वाक्य गेलं, ‘कोणताही दुष्परिणाम आढळला नाही.’ आढळणार कुठून? या औषधाने ज्या प्रथिनाला चिकटायचं, त्याच्या उंदरातल्या रूपाला ते मुळात चिकटतच नव्हतं. शिवाय तिसऱ्या आठवड्यापर्यंत उंदरांनी औषधातल्या मानवी प्रथिनाविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं तयार करून औषध जवळजवळ पुसून टाकलं होतं. बैठकीत मी हे बोललो. ‘नियमात अठ्ठावीस दिवस आहेत ना?’ एवढंच उत्तर मिळालं. शेवटच्या दिवशी ऐंशी उंदीर मारले आणि त्यांचे अवयव फॉर्मॅलिनमध्ये टाकले. त्या ऐंशींचं मला अजून वाईट वाटतं, आणि तेही ते मेले म्हणून कमी, त्यांना काहीच न विचारता मारलं म्हणून जास्त. आपल्या देशात २०२३च्या मार्चमध्ये नियम बदलून प्राण्यांऐवजी पेशी, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले अवयवांचे चिमुकले नमुने), संगणकीय पद्धती वापरायला वाट करून दिली, ती अशांसाठी तरी लवकर वापरात यावी.

माझे आजोबा टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत कामाला होते. आज लोक सकाळी फिरायला जातात तिथे. देवीची लस वासराच्या अंगावर वाढवायची, त्या काळची ही गोष्ट. आजोबा सांगायचे की लस धरली की नाही हे वासराची कातडीच सांगते, वर कुणाची सही लागत नाही. वासराला ती लागण खरोखर व्हायची, म्हणून त्याच्या कातडीवर भरवसा ठेवता यायचा.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या बातमीत ‘प्राण्यांवर चाचणी झाली’ किंवा ‘झाली नाही’ एवढ्यावर थांबू नका. कोणता प्राणी, त्यात हे औषध चिकटतं का, माणसाच्या कोणत्या पेशींवर आणि कशा रीतीने पाहिलं, पहिली मात्रा कशावरून ठरली, हे वार्ताहराने कंपनीला विचारावं. उत्तर मिळालं नाही तर तेही छापावं. जागा लागत असेल तर माकडाचा फोटो थोडा लहान करा.

नातवाची अठ्ठाविसाव्या दिवसाची लस येत्या मंगळवारी आहे. कुत्री अजून खळ्यावरच आहे, पिल्लांचे डोळे उघडलेत, आणि अक्का रोज तिला भाकरी टाकतात.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक,
नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव